कानडीचा तास परका नव्हे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. उर्दूत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात एकाएकी कानडी कागद आले. आजही भालकी, औरादकडचे कितीतरी मराठी शेतकरी पहाणीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतात.

२०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कानडी ही पहिली वा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. सक्ती म्हटली की मन आक्रसते; आमचेही आक्रसले. मराठी माध्यमाच्या शाळा टिकल्याच पाहिजेत, ही मागणी सोडायची नाही. पण रागाची शिक्षा लेकरांना कशाला? सहा वर्षांचे पोर गल्लीत खेळता खेळता जी भाषा उचलते, ती विशीत शिकवणी लावूनही जिभेवर बसत नाही. आणि परके ते काय? अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कानडीतूनच घेतले. बसवकल्याण हाकेवर आहे, पण बसवण्णांचे वचन मूळ भाषेत समजणारी आपली मुले किती?

पालकहो, शाळेत जाल तेव्हा गुरुजींना एवढे विचारा : कानडीच्या तासाला मुले बोलतात, की नुसते फळ्यावरचे उतरवून घेतात?