शंभर फॉर्म म्हणजे संशोधन नव्हे



दरवर्षी दुसऱ्या सत्रात पत्रकारिता किंवा जनसंज्ञापन विषयात एम.ए. करणारी मुलं-मुली शाळांत येतात. हातात विभागप्रमुखांचं पत्र, पिशवीत शंभर प्रश्नावल्या. विषय बहुधा ठरलेला, 'मोबाईलचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम'. हल्ली तर नुसती गुगल फॉर्मची लिंक येते, "सर, नववीच्या ग्रुपवर टाका ना." आपण टाकतो. पण टाकण्याआधी एकदा विचारा, बाळा, तुला नेमकं काय शोधायचंय?

कारण त्या शीर्षकातच उत्तर ठरलेलं असतं. मोबाईल करणारा, मूल सोसणारं. "दिवसाला किती तास मोबाईल पाहता?" या प्रश्नाला बाई समोर उभ्या असताना नववीतलं पोर खरं उत्तर देईल? आणि त्या वेळात ते रील बघतंय की आईला लाईटबिल भरून देतंय, हे फॉर्मला कसं कळणार?

मग करायचं कसं? उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातलंच आहे. कर्क जॉन्सन हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे शोधविद्यार्थी. पदवी समाजशास्त्राची, पण विषय माध्यमांचा. १९९०च्या दशकात त्यांनी पाचगणीजवळच्या दानवली आणि राजपुरी या दोन गावांत टीव्हीचा अभ्यास केला. गावात राहिले, लोकांबरोबर बसले, बोलले. त्यावरचं पुस्तक २००० साली सेज प्रकाशनाने काढलं. टीव्ही चांगला की वाईट, एवढ्यावर ते थांबत नाही. नव्या वस्तूंची ओढ, शहरी राहणीचं अनुकरण, हिंदीचं वाढतं वजन, घरातली बदलती नाती, असं बरंच काही त्यात येतं. वडीलधारे आणि तरुण यांच्यातलं नातंही बदलू लागलं होतं.

हे शेवटचं वाचताना मला तर आजचंच घर दिसतं. आजी नातवाला विचारते, "बाळा, हा ओटीपी कुणाला सांगू नको म्हणजे काय रे?" घरात शहाणं कोण, हा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये असतो? नसतोच, कारण तो आधी सुचत नाही. घरात बसल्यावर सुचतो.

आता कुणी म्हणेल, एम.ए.च्या मुलाला तेवढा वेळ कुठला? खरं आहे. एका गाईडकडे किती मुलं असतात तेही बघा. आणि प्रश्नावली टाकाऊ नाही, मोजायचं असेल तिथे ती हवीच. पण शंभर घाईच्या उत्तरांपेक्षा पाच घरांतल्या दहा-दहा संध्याकाळी लघुप्रबंधाला जास्त देऊन जातील, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांनो, तुमची मुलगी हा विषय घेऊन शेजारच्या काकूंबरोबर मालिका बघत वहीत काही टिपत बसली, तर "हा काय अभ्यास?" म्हणून उठवू नका. अभ्यासच आहे तो.

आणि शिक्षकांनो, पुढचा विद्यार्थी आला की लिंक घ्या हवी तर, पण त्याला मधल्या सुट्टीपर्यंत थांबवा. डबा खाताना मुलं काय बोलतात ते ऐकू दे. जाताना एक अटही घाला, प्रबंध झाला की एक प्रत शाळेत आणून द्यायची. आपल्या मुलांनी भरलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं, ते त्या मुलांनाही वाचता आलं पाहिजे.