नगरच्या मुली, पुण्याच्या खोल्या



गेल्या महिन्यात मुकुंदनगरला आमच्या एका जुन्या मैत्रिणीकडे जाणं झालं. निमित्त दावतीचं, पण दावत बाजूलाच राहिली. दस्तरखान उठायच्या आत विषय निघाला तो तिच्या थोरल्या लेकीचा. पोरगी बीएस्सी झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, पुण्याला एका कंपनीत नोकरी लागली. पगारही बरा. आता खोली पाहिजे. शनिवार-रविवार काढून मायलेकी पुण्यात फिरल्या आणि तीन ठिकाणी एकच अनुभव घेऊन परतल्या. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं, सगळं. मग समोरचा विचारायचा, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की कधी घरमालकाचा भाऊ गावाहून राहायला येणार असायचा, तर कधी खोली सकाळीच दुसऱ्याला दिलेली असायची. तिसरा निदान सरळ होता. म्हणाला, "सोसायटीत चालत नाही, ताई."

घरी आल्यावर मुलीचे अब्बू म्हणाले, "म्हणूनच सांगत होतो." चुलतसासूनं त्यावर कडी केली, "और भेजो पुना! लोगां क्या बोलेंगे?"

पोरगी आमच्याकडे वळून म्हणाली, "खाला, पुण्यात मी जास्त मुसलमान आहे म्हणून खोली मिळत नाही. आणि घरात मी कमी मुसलमान आहे म्हणून जाऊ देत नाहीत. मी नेमकी किती असायला पाहिजे, एकदा सांगून टाका."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलींचं हे झालंय ते मोजायला नको, प्रत्येक मोहल्ल्यात एक-दोन आहेतच. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, जामखेड, कुठलंही गाव घ्या. मुली शिकताहेत. एसटीचा पास काढून तालुक्याला जातात, तिथून नगरला, नगरहून पुण्याला. आणि सव्वाशे किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कुठेतरी, सुपं ओलांडल्यावर म्हणा किंवा शिरूरला गाडी थांबल्यावर, काहींचा बुरखा पिशवीत जातो. परतीला तिथंच पुन्हा बाहेर निघतो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, शेजारच्या सीटवर बसून पाहिलेलं आहे. आम्ही तिला काही बोललो नाही. तिनंच ओशाळून विचारलं, "आपा, घरी नाही ना सांगणार?"

उलटंही असतं, आणि ते फार कोणी बोलत नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, तिच्या आईनं आयुष्यात बुरखा घातला नाही. मुलीनं मात्र कॉलेजात गेल्यावर आपण होऊन हिजाब सुरू केला. आई म्हणते, "हे काय नवीन काढलंस?" ऑफिसात विचारतात, "घरून जबरदस्ती आहे का?" तिच्या मनानं घेतलं, एवढी साधी गोष्ट दोन्हीकडे कोणाला पटत नाही.

नवं आणि जुनं हे शब्द आपण फार पटकन वापरतो असं आम्हाला वाटतं. आमच्या आजीचं उदाहरण सांगतो. नेवाशाकडच्या खेड्यातली बाई. लुगडं नेसायची, डोईवर पदर, दंडात ताईत, हातभर बांगड्या. शेतात खुरपायला जायची, बाजारच्या दिवशी अंडी विकायला बसायची. नमाज कधी चुकली नाही आणि बुरखा कधी शिवला नाही. गावात कोणी तिला बेपर्दा म्हटलं नाही. आज आपण ज्याला खानदानी रिवाज म्हणून मुलीच्या अंगावर घालतो, तो कित्येक खेड्यांत आजीच्या वेळी नव्हता. तो शहरात राहायला आल्यावर, चार पैसे आल्यावर, शेजारी अनोळखी झाल्यावर आला. आला याबद्दल तक्रार नाही. ज्यांना घालायचा त्यांनी जरूर घालावा. पण तो बापजाद्यांपासून चालत आलाय असं मुलीला सांगताना एकदा आजीचा जुना फोटो काढून बघावा.

आणि पाश्चात्त्य म्हणाल, तर घरातल्या पुरुषांच्या अंगावर बघा. शर्ट-पँट कुठली? आमच्या आजोबांच्या पायजम्यापासून मुलाच्या जीन्सपर्यंतचा प्रवास कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. मुलीनं कुर्त्याखाली जीन्स घातली की मात्र विलायत घरात शिरते.

खरं तर विलायतेचं शिक्षण आपल्या नगरच्या दारात येऊन पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८३९ मध्ये नगरला आल्या, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरार बाईंकडे, नगरमध्ये. त्या सावित्रीबाईंच्या सोबतीनं पुढे पुण्यात शिकवणारी आपली फातिमा शेख. तिच्याबद्दल लिखित असं फार थोडं उरलंय. पण सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तेव्हा १८५६ च्या ऑक्टोबरात त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात फातिमेची आठवण आहे. माझ्यामागं कामाचा सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाची. आम्हाला त्या ओळीचं नेहमी नवल वाटतं. त्या वेळी तिला मोहल्ल्यातून कोण काय बोललं असेल, आणि पेठेतून कोण काय बोललं असेल! दोन्हीकडून बोलणी खाऊन ती सकाळी शाळेत जात असणार. तिनं कुरकुर केली नाही हे खरं, पण आजच्या मुलींनी ती करू नये असं आम्ही म्हणणार नाही. कुरकुर जरूर करावी.

नगरच्या मुलीचं नाव निघालं की भाषणात चांदबिबी येतेच. हुसेन निजामशहाची लेक, विजापूरची सून. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादची मोगल फौज नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसली, तेव्हा तटावर उभी राहून किल्ला राखणारी. शहराबाहेर डोंगरावर जी इमारत आहे, तिला सगळे चांदबिबी महाल म्हणतात. ती खरी सलाबतखानाची कबर आहे. जो महाल तिचा नव्हता तो आपण तिच्या नावावर करून टाकलाय. तिचा शेवट मात्र भाषणात कोणी सांगत नाही. पुढच्या वेढ्यात ती मोगलांशी तहाचं बोलतेय, फितूर झाली, अशी हूल उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. लोगां क्या बोलेंगे म्हणतात ते हेच.

आता बाहेरच्या गोष्टीकडे येतो, कारण घरच्यांना नुसता दोष देऊन भागत नाही. बापाची भीती हवेतून आलेली नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव झाला. प्रशासनानं तो नंतर रद्द ठरवला, पण जायची ती धास्ती मनात बसून गेलीच. त्याच वर्षी जूनमध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानानं १६७ कर्मचारी कमी केले, त्यांत ११४ मुसलमान होते. देवस्थाननं कारण शिस्तीचं आणि गैरहजेरीचं दिलं. त्याआधी काही संघटनांनी मुस्लिम कामगार काढा म्हणून आंदोलनाचा इशारा दिला होता, हेही सगळ्यांनी वाचलं. अशा बातमीनंतर घरात काय होतं ते आम्ही पाहिलंय. यात्रेत खेळण्यांचं दुकान लावणारा बाप त्या मोसमात घरी बसतो. पैसे आटतात, आणि मन त्याहून जास्त आटतं. मग घरातली पहिली काटछाट कुठं होते? मुलाच्या मोबाइलवर होत नाही. मुलीच्या कॉलेजवर होते. "माहौल बरा नाही" एवढं म्हटलं की पुरतं. ठराव मढीत झाला आणि शिक्षा भोगली ती बारावीतल्या पोरीनं.

मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजनं २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. नऊ मुली कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं जूनमध्ये त्यांची याचिका फेटाळली. त्या थांबल्या नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ९ ऑगस्टला हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली. वर्गात बुरखा चालणार नाही हे मात्र कोर्टानं कायम ठेवलं. कॉलेजचं म्हणणं होतं की विद्यार्थ्यांचा धर्म दिसून येऊ नये. त्यावर खंडपीठानं विचारलं की मग नावांचं काय करणार, नावावरून धर्म कळत नाही का? आम्ही ते वाचलं आणि पुण्यातला तो फोन आठवला.

ऑफिसातलं आणखी एक. या मुलींना हमखास मिळणारी शाबासकी म्हणजे, "अगं, तू मराठी किती छान बोलतेस!" देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पोरगी नगरची. घरात दखनी, दारात मराठी, मोहरमला कोठल्यावर सवारी बघायला निम्मं गाव एकत्र. तिनं मराठी छान बोलू नये तर काय करावं? मैत्रिणीची मुलगी म्हणाली, "मीही त्यांना म्हणते, तुमचीपण छान आहे हो."

त्या दिवशी आम्ही काय सांगितलं ते लिहितो, कारण अनेकींची पत्रं याच विचारानं येतात. अब्बूंना सांगितलं, मुलीची कमाई शरीअतनं तिचीच आहे, तिच्यावर घर चालवायची सक्ती नाही, तेव्हा पगाराचं खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या. रिश्ते येताहेत, येऊ द्यात. पण निकाहनाम्यात अटी लिहिता येतात हे आपण विसरूनच गेलो आहोत. नोकरी चालू राहील ही अट मेहरच्या रकमेखाली लिहून घ्या. काझीसाहेब कुरकुरले तर दुसरे काझी आहेत. तोंडी "हां हां, करू दे ना नोकरी" म्हणणारे वलीम्यानंतर कसे बदलतात ते आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

मुलीलाही सांगितलं. बुरखा घालायचा नसेल तर घरी स्पष्ट बोल, भांडण झालं तर होऊ दे. शिरूरला पिशवी उघडू नकोस. एकदा खोटं सापडलं की मागच्या दोन बहिणींचा रस्ता बंद होतो. हे तिला पटलं नाही. म्हणाली, "खाला, खरं बोलल्यावर रस्ता बंद झालेल्या मुली तुम्हाला माहीत नाहीत का?" माहीत आहेत. आम्ही गप्प बसलो.

खोलीचं शेवटी असं झालं की कोंढव्यात नगरच्याच दोन मुली राहत होत्या, त्यांच्यात हिची तिसरी कॉट लागली. ऑफिस लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात, आणि पुन्हा आपल्यातच येऊन राहावं लागलं याची बोच आहेच. तिला ऑफिसजवळ राहायचं होतं.

सोमवारी पहाटेच्या गाडीला अब्बू स्वतः स्टँडवर गेले. डबा, गादीची वळकटी, प्रेशर कुकर. मैत्रीण सांगत होती, मुलीनं डोक्याला ओढणी बांधली होती, बुरखा नव्हता. अब्बूंनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "शिरूर गेल्यावर फोन कर."