जसंच्या तसं? म्हणजे नक्की कसं?

मंडळी, या शनिवारी कोड बाजूला ठेवून एका नाटकगृहावरून भांडायचं आहे.

मी कोरेगावचा. आमच्याकडे नाटक म्हणजे जत्रेतला मांडव, पाठीमागे जनरेटरची घरघर. खरंखुरं थेटर पहिल्यांदा बघितलं ते कोल्हापूरला मामांकडे गेलो तेव्हा. केशवराव भोसले नाट्यगृह. नाटक कुठलं ते आठवत नाही, पण मागच्या रांगेत बसूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता, ते पक्कं डोक्यात आहे.

शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोममधली नाट्यगृहं बघून आले आणि १९१५ साली कोल्हापुरात 'पॅलेस थिएटर' उभं राहिलं. शेजारी खासबागेत कुस्तीचं मैदान, इकडे संगीत नाटक. काय दृष्टी म्हणायची! पुढे थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. तेच केशवराव, ज्यांनी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं आणि त्याच वर्षी, जेमतेम एकतिशीत, गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मोबाईलवर ज्वाळा बघताना घशात आवंढा आला, खोटं कशाला बोलू?

मग नेहमीचं सुरू झालं. नेत्यांच्या भेटी, कोट्यवधींच्या निधीची घोषणा, आणि एकच वाक्य: जसं होतं तसं उभारू. माझं भांडण या वाक्याशी आहे.

दगड पुन्हा रचता येतो, फोटो बघून कमानही करता येईल. पण १९१५ साली माईक नव्हता. नट गळ्यानं गायचा आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं काम वास्तूचं होतं. छत, लाकूड, भिंतींची अंतरं, सगळ्यांनी मिळून तो आवाज घडवलेला असतो. तो आवाज फोटोत येत नाही! तो कुणी आधी मोजून ठेवला होता का, असा प्रश्न विचारणारा मला तरी भेटला नाही.

व्हेनिसचं 'ला फेनिचे' २९ जानेवारी १९९६ ला जळालं. तिथेही घोषणा हीच: जिथे होतं तिथे, जसं होतं तसं. फरक एवढाच, की आगीच्या सुमारे दोन महिने आधी काही संशोधकांनी तिथल्या ध्वनीची मोजमापं घेऊन ठेवली होती. सजावटीसाठी तर १९५४ च्या एका चित्रपटातली दृश्यंसुद्धा तपासली. २००३ साली ते पुन्हा उघडलं. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात. डिस्क उडाल्यावर बॅकअप घेता येत नाही, हे पोरंसोरंही सांगतील.

आणि 'तसंच' सगळं हवंय का? जुनं लाकूड, पडदे, वर दिव्यांच्या वायरी हे तर जळणच. बार्सिलोनाचं 'लिसेऊ' १९९४ साली जळालं ते आग अडवणाऱ्या लोखंडी पडद्याच्या दुरुस्तीत उडालेल्या ठिणग्यांनी! म्हणजे दुरुस्तीसुद्धा बेफिकिरीनं केली तर घात करते. आवाज जुना हवा, वायरिंग नवं हवं. एवढा साधा हिशेब आहे.

कुणी म्हणेल, आधी रस्ते करा, नाटकं कसली करता? अहो, आमच्या कोरेगावात धड नाट्यगृह नाही म्हणूनच सांगतोय. जे आहे ते गेलं तर आमची पोरं नाटक बघायला जाणार कुठे? ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, जिथे त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, तिथे किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात उद्या ठिणगी पडली तर? तेव्हाही घोषणाच करायची का?

निधी द्याच, पण त्याआधी उभ्या असलेल्या प्रत्येक नाट्यगृहाची मापं घ्या, नकाशे काढा, ध्वनी नोंदवा, वायरिंग दरवर्षी तपासा. याला कोट्यवधी लागत नाहीत. अडचण एकच, यात फीत कापायला मिळत नाही.

असो. पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेलो की मागच्या रांगेत बसणार आहे. माईक बंद करायला सांगेन. ऐकू आलं तर मानेन, जसं होतं तसं झालं.