रतीब वाढवा, बडोदेकरांनो!



करोनामुळे लागलेलं लॉकडाऊन आता ३ मे २०२० पर्यंत वाढलं आहे. तुम्ही घरात आहात, घरातच राहा. पण घरात राहूनही एक काम तुमच्या हातून होऊ शकतं, आणि ते आजच व्हायला हवं. तुमच्या दाराशी येणारं दूध कमी करू नका. जमत असेल तर वाढवा.

गेले तीन आठवडे शहर बंद आहे. चहाच्या लाऱ्या उचलल्या गेल्या. रावपुऱ्यातल्या, मांडवीतल्या मिठाईच्या दुकानांना कुलपं आहेत. स्टेशनजवळची हॉटेलं बंद, होस्टेलं रिकामी, लग्नं पुढे ढकललेली. चैत्र-वैशाखात या शहरात बासुंदीच्या कढया उतरत नसत, त्या यंदा चढल्याच नाहीत. ही सगळी गिऱ्हाइकं दुधाची होती. एका दिवसात, एका घोषणेसरशी ती नाहीशी झाली.

गोठ्यात मात्र काहीच बदललेलं नाही. पादरा, सावली, डभोई, वाघोडिया, करजण, कुठेही जा. पहाटे चारला धार काढावी लागते, संध्याकाळी पुन्हा काढावी लागते. म्हशीची कास नळासारखी तोटी फिरवून बंद करता येत नाही. धार चुकत गेली तर कास दगडासारखी घट्ट होते, जनावराला ताप चढू शकतो आणि एखादा सड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून दूध विकलं जावो न जावो, काढावं लागतंच. आणि बडोद्याच्या एप्रिलमध्ये थंड न केलेलं दूध तीन-चार तासांत नासायला लागतं. गहू कोठीत राहतो, कांदा चाळीत राहतो. दुधाला थांबता येत नाही.

आमच्या सोसायटीत वाघोडिया रोडकडून एक गवळी रतीब घालायला येतो. परवा तो फाटकाशीच उभा होता, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेले. त्याचं निम्म्याहून जास्त दूध चहाच्या लाऱ्यांवर आणि एका मिठाईवाल्याकडे जायचं. आता ते सगळं घरी परत येतं. त्याच्या बायकोनं पहिल्या आठवड्यात दही लावलं, दुसऱ्या आठवड्यात तूप कढवलं. घरातलं एकही पातेलं रिकामं राहिलं नाही, लग्नात मिळालेला हंडासुद्धा विरजणाला लागला. दूध आटवायला जळण लागतं, तेही संपत आलं. आता उरलेलं ताक ती परत म्हशींनाच पाजते. हे सांगताना तो कुणाला दोष देत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, ‘तुमच्या बिल्डिंगीत अजून कुणाला दूध लागेल का?’

तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो आहे.

ज्यांचं दूध गावच्या सहकारी दूध मंडळीत जातं, त्यांना थोडा आधार आहे. मकरपुरा रोडची, १९५७ साली स्थापन झालेली आपली बडोदा डेअरी या जिल्ह्याचं दूध घेते आहे, आणि अमूलशी जोडलेल्या संघांनी या संकटातही संकलन थांबवलेलं नाही. हा आधार फुकट मिळालेला नाही. इथून तासाभरावर, आणंदला, तो मिळवावा लागला.

त्या काळी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना दुधाचा योग्य दर मिळत नव्हता. त्यांनी दुधाचा संप केला, त्रिभुवनदास पटेलांच्या मागे उभे राहिले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा संघ, म्हणजे पुढचा अमूल, नोंदला गेला. पण थंडी आली की म्हशी दूध वाढवायच्या आणि त्यांचं दूध घेणारी मुंबई म्हणायची, एवढं नको. उन्हाळ्यात हवं, हिवाळ्यात नको! शेतकऱ्याने ते वरचं दूध न्यायचं कुठे? पावडर करून ठेवावी, तर परदेशी जाणकार सांगत होते की म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही. संघाचे व्यवस्थापक वर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीला, पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या पावडर कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर हिवाळ्यातल्या जास्तीच्या दुधाला वाट मिळाली.

तरी पावडरीवर सगळा भार टाकू नका. एक किलो पावडरीला मलई काढलेलं दहा-अकरा लिटर दूध लागतं. ती करायला इंधन जातं, ठेवायला गोदाम लागतं, आणि विकली जाईपर्यंत पैसा अडकून पडतो. देशभरच्या डेअऱ्या आज एकाच वेळी पावडर करत बसल्या, तर तिचा भाव कोसळेल आणि तो फटका शेवटी सभासदाच्याच दरात उतरेल. ताजं दूध ताजं विकलं जाणं, यासारखा दुसरा उपाय नाही. आणि ते विकत घेणारं गिऱ्हाईक आज एकच उरलं आहे. ते म्हणजे तुमचं घर.

मंडळीच्या बाहेर जे आहेत त्यांचा तर विचारच करवत नाही. शहरातले तबेलेवाले. हॉटेलांना थेट दूध घालणारे. खाजगी व्यापाऱ्याला दूध देणारी, जमिनीचा तुकडाही नसलेली, दोन म्हशींवर घर चालवणारी बाई. व्यापारी यायचा थांबला की तिचा पैसा थांबला. मीठ-तेल, पोराची वही, सासूचं औषध, सगळं त्याच पैशात बसायचं. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा तिच्याकडे फी मागितली जाईल. तिनं काय सांगायचं?

महाराष्ट्रात तुमचे भाऊ, मेहुणे, मामा दुधाच्या धंद्यात असतील तर त्यांना फोन करा. ते सांगतील. मार्चच्या सुरुवातीला लिटरला तिशीच्या वर असलेला गाईच्या दुधाचा दर कित्येक ठिकाणी विशीपर्यंत घसरला आहे. महाराष्ट्र सरकारला रोज १० लाख लिटर जास्तीचं दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची पावडर करायचा निर्णय घ्यावा लागला. तिकडे अमेरिकेत शाळा आणि हॉटेलं बंद पडल्यावर दूधवाले शेतकरी दूध जमिनीत सोडून देत आहेत. तिथल्या सगळ्यांत मोठ्या दूध सहकारी संस्थेच्या अंदाजाने दिवसाला जवळपास १ कोटी ४० लाख लिटर दूध असं वाया जातं आहे. एवढी यंत्रं, एवढी शीतगृहं असलेल्या देशाला हे थोपवता आलं नाही. आपल्याला थोपवता येईल, कारण आपल्याकडे अजून गवळी दाराशी येतो आणि गृहिणीला दुधाचं काय करायचं ते कळतं.

म्हणून हिशेब ऐका. रोज वीस लिटर दूध लागणारी चहाची एक लारी बंद झाली. चाळीस घरांनी रोज अर्धा लिटर दूध जास्त घेतलं की ती लारी भरून निघाली. चाळीस घरं म्हणजे तुमच्या सोसायटीतली एक-दोन बिल्डिंगा. यासाठी सरकारी ठराव लागत नाही, वर्गणी लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक निरोप पुरे.

घेतलेल्या दुधाचं काय करायचं, हे बडोद्याच्या घरात मी सांगायला नको. पण यंदा गुढीपाडवा नेमका लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी, २५ मार्चला आला, आणि कितीतरी घरांत चक्काच टांगला गेला नाही. तो आता टांगा. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे, त्या दिवशी श्रीखंड करा. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा होतो. मुलं घरात आहेत, त्यांना कढईशी बसवा. साय रोज जमवा, लोणी काढा, तूप कढवा. तूप महिनोन् महिने टिकतं. आज घेतलेलं दूध तुम्ही गणपतीत वरणभातावर वाढू शकाल. ताक करा आणि उन्हात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांना, सफाई कामगारांना स्वच्छ भांड्यातून द्या. आठवड्याभरात रमझान सुरू होईल; शेजारच्या घरात कुणाला सहरीसाठी दूध मिळत नसेल तर तुमच्या गवळ्याची गाठ घालून द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. ज्यांची रोजंदारी बुडाली आहे, ज्यांच्या घरात पुढच्या आठवड्याच्या पिठाची काळजी आहे, त्यांना हे आवाहन नाही. ज्यांचा पगार किंवा पेन्शन खात्यात जमा होतं आहे, त्यांना आहे. आपण असे बरेच जण आहोत. हॉटेलात जाणं बंद झाल्याने आपले पैसे वाचतच आहेत.

आणि भिऊ नका. दुधातून करोना पसरतो याला काहीही पुरावा नाही. पिशवी धुवा, दूध उकळा, हात साबणाने धुवा. नेहमीचीच काळजी आहे ही. मध्यंतरी कोंबडीबद्दल अशीच अफवा उठली, आणि महाराष्ट्रातल्या काही पोल्ट्रीवाल्यांना पिल्लं नष्ट करावी लागली. ती अफवा व्हॉट्सअॅपवरूनच पसरली होती. दुधाबद्दल तसा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करून समजावा.

सोसायटीच्या कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे. गवळ्याला हाकलून देऊ नका. फाटकाशी एक टेबल ठेवा. शेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवा. त्याला तोंडावर रुमाल बांधायला सांगा. लोकांनी झाकणाची पातेली टेबलावर ठेवावीत आणि लांब उभं राहावं. वॉचमनलाही हे नीट समजावून सांगा, कारण गवळ्याला परत पाठवणारा बऱ्याचदा तोच असतो, आणि त्याला तसं आपणच सांगून ठेवलेलं असतं.

हे आज केलं नाही तर काय होईल? पैसा आला नाही की पहिली काटछाट पेंडीत होते. पेंड तुटली की दूध तुटतं. मग जनावर खंगतं, वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहत नाही. म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांचा. आज हुकलेली वेळ पुढच्या वर्षीच्या दुधात दिसते. आणि ज्याला तेवढंही झेपत नाही तो जनावर विकायला काढतो. बाजार बंद आहेत, तेव्हा दारात येणारा म्हणेल तो भाव. एकदा दावणीची म्हैस गेली की दुसरी घ्यायला कर्ज काढावं लागतं, आणि बहुतेकांना ते मिळत नाही. मग तो माणूस दुधाच्या धंद्यात परत येत नाही. दिवाळीत लाऱ्या उघडतील, दुकानं उघडतील, तुमच्या घरी पाहुणे येतील. तेव्हा दूध घालायला कोण उरेल, ते या एप्रिलमध्ये ठरतं आहे.

अजून वेळ गेलेली नाही. म्हशी दावणीला आहेत, कॅन भरलेले आहेत, गवळी पहाटे निघतो आहे. आज रात्री शेजारच्या चार घरांना फोन करा. ज्यांनी भीतीने रतीब बंद केला आहे त्यांना तो पुन्हा सुरू करायला सांगा. उद्या सकाळी अर्धा लिटर जास्त घ्या. आणि मार्चचं बिल द्यायचं राहिलं असेल, तर ते उद्याच चुकतं करा.