समाजशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेलाच मराठीचे वावडे का?





डॉक्टर व्हायचे असेल तर ‘नीट’ मराठीतून देता येते. इंजिनीअर व्हायचे असेल तर ‘जेईई मेन’ मराठीतून देता येते. बारावीनंतर केंद्रीय विद्यापीठात पदवीला जायचे असेल तर ‘सीयूईटी-यूजी’चेही तसेच. या तिन्ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) तेरा भाषांत घेते. समाजशास्त्र, समाजकार्य किंवा जनसंवाद या विषयांत पदव्युत्तर प्रवेशासाठी हीच एनटीए ‘सीयूईटी-पीजी’ घेते, तेव्हा मात्र प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका कला महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमची मुले बीएची तिन्ही वर्षे मराठीतून शिकतात, उत्तरपत्रिका मराठीतून लिहितात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूरचे संकुल तर आमच्याच जिल्ह्यात आहे. पण २०२४ पासून ही संस्था पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजीचे गुण धरते. त्याआधीची संस्थेची ‘टिसनेट’ ही प्रवेशपरीक्षाही इंग्रजीतच होती, म्हणजे दुखणे जुनेच आहे. आता एकाच परीक्षेतून देशभरातल्या अनेक विद्यापीठांचे प्रवेश ठरत असल्याने ते जास्त खोल गेले आहे.

या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात आणि उत्तर चुकले की एक गुण कापला जातो. ‘विधान आणि कारण’ प्रकारच्या प्रश्नातली लांबलचक इंग्रजी वाक्ये मनातल्या मनात मराठीत आणून पर्याय निवडेपर्यंत तो वेळ संपतो. अशा वेळी जातिव्यवस्थेची किंवा स्थलांतराची जाण तपासली जात नाही, इंग्रजी वाचण्याचा वेग तपासला जातो. हिंदीचा पर्याय आहे, असे कोणी म्हणेल. पण चित्रपटातली हिंदी कळणे वेगळे आणि शास्त्रीय परिभाषेने भरलेली हिंदी वाचून उत्तर देणे वेगळे.

पुढचे शिक्षण इंग्रजीत असते म्हणून परीक्षाही इंग्रजीत, ही सबब टिकत नाही. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतही शिक्षण इंग्रजीतूनच होते, तरी नीट मराठीत होते. परिभाषेची अडचण म्हणावी, तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्राचा वैकल्पिक पेपर मराठीतून लिहिता येतो. मराठीत समाजशास्त्र लिहून जिल्हाधिकारी होता येते, मग त्याच विषयाच्या एमएच्या वर्गात शिरताना मराठी का चालू नये? अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी, असे खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले होते.

शिवाय समाजशास्त्र, समाजकार्य आणि जनसंवाद या तिन्ही ज्ञानशाखांचे कामच लोकांशी बोलण्याचे आहे. ऊसतोड कामगाराच्या कोपीत बसून प्रश्नावली भरायची, दुष्काळी गावातून बातमी आणायची, तर तिथल्या माणसांची भाषा यायला हवी. ज्या मुलाला ती येते, त्याची ही पात्रता प्रवेशाच्या वेळी मोजलीच जात नाही. इंग्रजी त्यालाही लागेल, नक्कीच लागेल. ते प्रवेशानंतर पहिल्या सत्रात कसून शिकवावे. आमची मुले कष्टाला मागे हटत नाहीत.

माझ्या मागण्या तीन आहेत. एनटीएने सीयूईटी-पीजीमधील किमान सामाजिक शास्त्रे, समाजकार्य आणि जनसंवाद या विषयांचे पेपर मराठीसह सर्व तेरा भाषांत काढावेत. महाराष्ट्र शासनाने ही मागणी केंद्राकडे लेखी करून तिचा पाठपुरावा करावा. आणि प्रत्येक विद्यापीठाने माहितीपत्रकात प्रवेशपरीक्षेची, शिकवण्याची व उत्तरपत्रिकेची भाषा ठळकपणे छापावी. सध्या मुले अभ्यासक्रमांची तुलना करताना शुल्क आणि वसतिगृह पाहतात, भाषेचा अडसर त्यांना अर्ज भरल्यावर कळतो. पुढच्या वर्षीची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी हा निर्णय झाला, तर मराठी माध्यमातून बीए करणाऱ्या मुलांना निदान बरोबरीने स्पर्धेत उतरता येईल.

— समाजशास्त्राचा एक प्राध्यापक, धाराशिव