पेरणाऱ्याचा दाखला आणि दुबार पेरणी

मराठी ख्रिस्ती प्रवचन निष्प्रभ होते ते भाषेमुळे, असे म्हटले जाते. आम्हांस हे निदान मान्य नाही. दुखणे वाचनाचे आहे.

विनोबांनी वर्ध्यात १९३०-३१ मध्ये 'गीताई' रचली आणि १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी अठरा अध्यायांवर कैद्यांपुढे प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आधी संहिता मराठीत मुरली, मग तिच्याच क्रमाने बोलणे झाले. (याच विनोबांनी पुढे 'ख्रिस्त-धर्म-सार' संकलित केले, हे आमचे प्रवचनकार सहसा विसरतात.)

आमच्याकडे एक वचन, तीन मुद्दे आणि उसनी गोष्ट. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. खडकाळीवर उगवलेले बी करपले की प्रवचनकार 'तुमचे हृदय खडकाळ' म्हणून मोकळा होतो. श्रोत्यांना जमिनीची उपमा शुभवर्तमानातच दिलेली आहे, हे खरे. पण समोर आर्वीचा किंवा हिंगणघाटचा कोरडवाहू शेतकरी बसला असेल तर? पहिल्या सरीवर त्याने सरकी लावली, पावसाने दडी मारली, दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढले. त्याच्या माथी आता हृदयाचाही दोष मारायचा, याला उपयोजन म्हणत नाहीत.

आणि संहिता तरी तेवढेच कोठे म्हणते? मार्क मूळ नव्हते म्हणतो. लूक आठव्या अध्यायात ओलावा नव्हता म्हणतो. हा फरक दिसलेला प्रवचनकार त्या शेतकऱ्याची झडती घेणार नाही. दुबार पेरणीच्या वेळी आपण कोठे होतो, असे तो मंडळीला विचारील.