आघातग्रस्त समाज आणि विद्यापीठांचे दायित्व

किल्लारी-सास्तूरचा टापू ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जमीनदोस्त झाला आणि पुरते वर्षही लोटले नाही तोच, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन लातूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आला. शोकग्रस्त गावे आणि विद्येचे नवे पीठ अशी शेजारी आली असता, संलग्नता देणे व परीक्षा घेणे याखेरीज विद्यापीठाचे त्या गावांशी काही नाते आहे की नाही, हा प्रश्न एकट्या नांदेडचा नाही. आणि माझ्या मते ते नाते आहे व ते दीर्घ मुदतीचे आहे.

आपत्तिग्रस्तांच्या दारी विद्वत्ता जाते ती बहुधा प्रश्नावली घेऊन. तलाठ्याचा पंचनामा उरकतो न उरकतो तोच प्रबंधाचा अभ्यासक येतो, आणि जिचे मूल डोळ्यांदेखत गेले त्या मातेस तो प्रसंग पुन्हा क्रमवार सांगावा लागतो. आघात सोसलेल्या मनाला असे कथन म्हणजे निव्वळ स्मरण नसते. छाती धडधडते, झोप उडते, झाले-गेले ते पुन्हा समोर घडू लागते. एवढे सोसून तिच्या पदरात काय पडते? प्रबंध ग्रंथालयात जातो, अभ्यासक परतत नाही.

याहून निराळी रीत याच राज्यात सिद्ध झालेली आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. मारहाणीने खचलेली स्त्री जेथे फिर्याद घेऊन येते, तेथेच, घाई न करता ऐकून घेणारे माणूस तिला भेटावे. फिर्याद नोंदवायची, सासरच्यांशी बोलणी करायची की घर सोडायचे, याचा निर्णय तिच्याच हाती राहावा. आणि रोजच्या सहवासाने पोलिसांच्या वागणुकीतही पालट व्हावा, अशी ही योजना होती. पुढे राज्य शासनाने तिचा अंगीकार केला, अन्य राज्यांनीही अनुकरण केले. विद्यासंस्था तेथे माहिती गोळा करून निघून गेली नाही, टिकून राहिली, यातच या कार्याचे मर्म आहे असे मला वाटते.

दुष्काळ, कर्जबाजारीपणा व आत्महत्या यांनी पोळलेल्या मराठवाडा-विदर्भातील विद्यापीठांनी हाच कित्ता गिरवावा. आशा कार्यकर्ती, ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी वर्षानुवर्षांचा करार असावा, त्यासाठी अंदाजपत्रकात कायम तरतूद असावी, आणि दुःख ऐकून स्वतः व्याकूळ होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनाचीही निगा राखली जावी. संशोधनास परवानगी देणाऱ्या समितीत त्या गावची माणसे मताधिकारासह बसावीत. आणि एखाद्या गावाने ‘आम्हांस सध्या विचारू नका’ असे म्हटले, तर तो शब्द कुलगुरूंनीही अखेरचा मानावा.